कानाच्या पाळीला हात : ब्रिटिश रॉक-पॉपचे कृष्णवर्णीय गुरू

तिहाई (धागाकर्ता)

७ मे १९६४. मँचेस्टरमधलं विल्ब्रॅहम रोड नावाचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने तिथे कार्यक्रम मांडलाय. एका फलाटावर पोती, लाकडी पेट्या असं काहीबाही रचून अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं स्टेशन उभं केलंय. समोरच्या फलाटावर तरुण पोरंपोरी बसलीत, त्यांना खास गाडीने आणलंय. नेमका पाऊस येतो. घोडागाडीतून एक बाई उतरते. अंगात कोट, वय एकोणपन्नास. पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते, ओल्या फलाटावर उभी राहते आणि पावसाचंच गाणं धरते, 'डिडंट इट रेन'. मध्येच आवाज थांबवून गिटारचा असा एक तुकडा घेते की समोरची पोरं टाळ्यांचा ठेकाच विसरतात.

ही सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सातलं कॉटन प्लांट. चर्चमध्ये गाणारी, आणि रॉक अँड रोल हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी तसली गिटार वाजवणारी. त्याच दिवशी, त्याच फलाटावर मडी वॉटर्स होता, ओटिस स्पॅन होता, सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी होते.

ब्रिटिश रॉकवर लिहिताना 'कृष्णवर्णीय संगीताचा प्रभाव' असं एक वाक्य टाकून लोक पुढे सरकतात. ते मला खटकतं. प्रभाव म्हणजे काय, वाऱ्यावर आलेला वास? इथे तर माणसं आली होती. बोटीने, विमानाने, थंडीत कुडकुडत. समोर बसून वाजवून दाखवलं, पोरांनी बोटं कुठे पडतात ते बघून घेतलं. आपल्याकडे याला तालीम म्हणतात. आणि तालीम घेतलेला गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ब्रिटनमध्ये तो हात कोणी लावला, कोणी नाही लावला, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

थोडी पार्श्वभूमी. १९३५ ते १९५६ या काळात दोन्ही देशांच्या वादक-संघटनांच्या भांडणामुळे अमेरिकन वादकांना ब्रिटनमध्ये वाजवणं जवळपास अशक्य होतं. एकट्याने गाणारे कलाकार मात्र 'व्हरायटी' म्हणून येऊ शकत. बिग बिल ब्रून्झी १९५१ पासून असा येत राहिला. नियम सैल झाल्यावर ट्रॉम्बोनवादक क्रिस बार्बरने १९५७ मध्ये थार्पला आणि १९५८ मध्ये मडी वॉटर्सला आणलं. बार्बरचे उपकार मोठे आहेत.

मडी वॉटर्सची गंमत नव्हे, व्यथा ऐका. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबलेला हा माणूस १९४३ मध्ये शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून ती विजेवर आली. १९५८ ला इंग्लंडमध्ये त्याने तीच वाजवली तर जाणकार म्हणवणाऱ्यांना ती कर्कश वाटली. त्यांना शेतावरचा ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं, हवा होता. १९६३ मध्ये तो परत आला तेव्हा बिचाऱ्याने साधी गिटार आणली, तर एव्हाना पोरांना विजेची हवी होती!

ती पोरं कोण? २१ ऑक्टोबर १९६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जर्मन आयोजकांचा 'अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल' झाला. मंचावर जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, विली डिक्सन. श्रोत्यांत मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि जिमी पेज. त्याच्या वर्षभर आधी डार्टफर्ड स्टेशनवर जॅगर-रिचर्ड्सची पुन्हा गाठ पडली ती जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्या होत्या म्हणून. पुढे त्यांच्या रोलिंग स्टोन्स या बँडचं नावही मडीच्या १९५० च्या गाण्यावरून आलं. पिंक फ्लॉइड हे नाव तर पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांची जोडणी.

बीटल्सची पहिली मोठी तबकडी (१९६३) काढून बघा. चौदा गाणी. आठ त्यांची, सहा इतरांची. त्या सहांतली पाच आधी कृष्णवर्णीय गायक-गायिकांनी गायलेली : आर्थर अलेक्झांडर, कुकीज, शिरेल्सची दोन, आयस्ले ब्रदर्स. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीवर तीन गाणी एकट्या मोटाउन या कृष्णवर्णीय कलाकारांच्या अमेरिकन तबकडी-कंपनीची.

जाणकारांनी भर घालावी. नावं घालावीत, नावं महत्त्वाची.

---

रानजाई

वाचतेय. थार्पची चित्रफीत आत्ता बघितली. अंगावर काटा आला.

---

मुळामुठा

तिहाई, मन भरून आलं. मी बास वाजवतो, तर माझ्या तारांपुरतं सांगतो.

'आय सॉ हर स्टँडिंग देअर' मधली बासची ओळ जशीच्या तशी चक बेरीच्या 'आय एम टॉकिंग अबाउट यू' मधून उचललेली आहे. मॅकार्टनीने स्वतः हे सांगून टाकलंय, लपवलेलं नाही. मला शिकवणाऱ्या सरांनी ही दोन गाणी लागोपाठ लावली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसेना. मग बासवर हात ठेवून दोन्हींबरोबर वाजवलं. डावा हात हललाच नाही, तेच पडदे, तीच बोटं. कान फसू शकतो, हात फसत नाही.

दुसरं म्हणजे तो चढा 'ऊऽऽ'. तो लिटल रिचर्डचा. ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यू ब्रायटनच्या टॉवर बॉलरूममध्ये लिटल रिचर्डच्या कार्यक्रमात बीटल्स आधी वाजवणाऱ्यांत होते, नंतर हॅम्बुर्गलाही त्याच्या मागेपुढे होते. रिचर्डबरोबर ऑर्गनवर सोळा वर्षांचा एक मुलगा होता, बिली प्रेस्टन. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, बीटल्स एकमेकांशी धड बोलत नव्हते तेव्हा हाच बिली स्टुडिओत येऊन पियानोवर बसला आणि वातावरण निवळलं. 'गेट बॅक' च्या तबकडीवर 'बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन' असं छापलंय. बीटल्सनी असा मान दुसऱ्या कुणाला क्वचितच दिला असेल.

एक दुरुस्ती : 'ट्विस्ट अँड शाउट' आयस्लेंच्या आधी, १९६१ मध्ये, टॉप नोट्स नावाच्या जोडीने गायलं होतं. आयस्लेंचं १९६२ चं. पण बीटल्सनी उचललं ते आयस्लेंचंच.

---

सह्यवारा

लेख चांगला आहे, पण सूर मला थोडा पटत नाही. संगीतात कोण कुणाचं घेत नाही? 'रॉक आयलंड लाइन' घ्या. लॉनी डोनेगनने १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, १९५६ मध्ये ते गाजलं आणि घराघरात पोरं चहाची खोकी नि कपडे धुण्याची फळी घेऊन स्किफल वाजवू लागली. लेननचा बीटल्सच्या आधीचा बँड क्वॉरीमेन हा त्याच लाटेतला. डोनेगनने ते लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाकडून घेतलं. लेड बेलीने कुठून? आर्कान्सातल्या तुरुंगातल्या कैद्यांकडून, १९३४ मध्ये. मग मालक कोण? लोकगीताला मालक नसतो. ओवी जात्यावर कुणीही गावी.

आणि हेही विसरू नका की या ब्रिटिश पोरांमुळे मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ यांना त्यांच्याच देशात गोरे श्रोते मिळाले. १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर स्टोन्सनी हट्टाने हाउलिन वुल्फला बोलावलं आणि स्वतः त्याच्या पायाशी बसले. हा कृतज्ञपणा नाही का?

---

तिहाई

सह्यवारा, तुमचा मुद्दा रास्त आहे. वुल्फच्या पायाशी बसलेले स्टोन्स म्हणजे कानाच्या पाळीला लागलेला हातच. डोनेगनचंही तसंच. त्याचं खरं नाव अँथनी, लॉनी हे नाव त्याने ब्लूज गिटारवादक लॉनी जॉन्सनवरून घेतलं. गुरूचं नाव स्वतःलाच लावून घ्यायचं, याहून मोठा मान काय असणार?

ओवीबद्दलही सहमत. पण विली डिक्सन म्हणजे ओवी नव्हे. तो शिकागोच्या चेस या तबकडी-कंपनीत बास वाजवणारा, गाणी लिहिणारा, इतरांच्या ध्वनिमुद्रणांची व्यवस्था बघणारा पगारी माणूस. त्याने गाणं लिहिलं की खाली सही असे. 'लिटल रेड रूस्टर' त्याचं. स्टोन्सनी ते गायलं, डिसेंबर १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं आणि नाव त्याचं छापलं. इथवर सगळं ठीक.

आता दुसरी बाजू. डिक्सनने लिहिलेलं 'यू नीड लव्ह' मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलं. १९६९ मध्ये लेड झेपलिनचं 'होल लॉटा लव्ह' आलं, शब्द बरेचसे तेच, श्रेय मात्र चौघा झेपलिनकरांना. डिक्सनच्या मुलीच्या कानाला ते साम्य जाणवलं. १९८५ मध्ये दावा, १९८७ मध्ये तडजोड. त्याच तबकडीवरच्या 'द लेमन साँग' मध्ये हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर' उघड दिसतं. तिथेही वुल्फचं खरं नाव, चेस्टर बर्नेट, श्रेयात आलं ते प्रकाशकांनी कोर्टाची पायरी चढल्यावर. आणि याच बँडने चौथ्या तबकडीवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' साठी मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून छापलं. म्हणजे नाव द्यायचं असतं हे त्यांना कळत होतं!

झेपलिन मी वीस वर्षं ऐकतोय. पेजची गिटार मला आजही तितकीच प्रिय आहे. म्हणूनच हे दुखतं.

डिक्सनने पुढे वादकांना त्यांचे हक्क मिळवून देण्यासाठी 'ब्लूज हेवन' ही संस्था काढली. ती आज शिकागोत २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू इथे आहे. चेसचा जुना स्टुडिओ तोच, जिथे जून १९६४ मध्ये स्टोन्स भाविकासारखे जाऊन ध्वनिमुद्रण करून आले.

---

पावसाळी_मँचेस्टर

तिहाई, तुम्ही माझ्या रोजच्या वाटेबद्दल लिहिलंय! ज्या मार्गावर विल्ब्रॅहम रोड स्टेशन होतं, तिथे आता रूळ नाहीत. सायकलची वाट आहे, फॅलोफील्ड लूप म्हणतात. दोन्ही बाजूंना झाडी, खोलगट चर, अधूनमधून डोक्यावर जुने विटांचे पूल. मी नऊ वर्षं तिथून कामाला जाते आणि थार्पबाईंबद्दल मला मागच्या वर्षी कळलं. आता पाऊस असला की तिथे वेग आपोआप कमी होतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. सगळं काही अमेरिकेतून आलं असं धाग्यात वाटतंय. इथलेच, ब्रिटनमधले कृष्णवर्णीय लोक कुठे आहेत?

लिव्हरपूलचं घ्या. बंदर असल्याने तिथली कृष्णवर्णीय वस्ती ब्रिटनमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी. हॅरॉल्ड फिलिप्स हा त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक, १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' बोटीने आला. लोक त्याला लॉर्ड वुडबाइन म्हणत. त्याच्या क्लबांमध्ये बीटल्स कोवळ्या वयात वाजवायचे, इतके की त्यांना 'वुडबाइनची पोरं' म्हणत. ऑगस्ट १९६० मध्ये जी व्हॅन त्यांना हॅम्बुर्गला घेऊन गेली तिच्यात वुडबाइनही होता. हॅम्बुर्गशिवाय बीटल्स झालेच नसते हे सगळे मान्य करतात, मग त्या व्हॅनमधल्या या माणसाचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणि हॅम्बुर्गला जाणारा पहिला लिव्हरपूलचा बँड बीटल्स नव्हेच. तो डेरी अँड द सीनियर्स, गायक डेरी विल्की, कृष्णवर्णीय. टॉक्स्टेथ भागातले चॅन्ट्स हे पाच कृष्णवर्णीय मुलांचं गाणारं मंडळ. १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये त्यांच्यामागे साथीला कोण होतं? बीटल्स! त्यातला एडी अमू पुढे 'रिअल थिंग' मध्ये गेला. त्या बँडचं गाणं १९७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं, तोपर्यंत चौदा वर्षं गेली होती. एकाच गल्लीतून निघालेल्या दोघांच्या वाट्याला किती वेगळं आलं बघा.

---

सह्यवारा

वुडबाइनचं खरंच ठाऊक नव्हतं. पावसाळीताई, धन्यवाद. इथे मी मागे येतो.

---

रानजाई

मला बायकांबद्दल लिहायचंय, कारण नावं हरवण्याचा प्रश्न त्यांच्याकडे आला की दुप्पट होतो.

शिरेल्स, मार्व्हलेट्स, कुकीज. बीटल्सचे एकावर एक रचलेले आवाज, प्रश्नाला उत्तर दिल्यासारखा कोरस, हे या मुलींच्या मंडळांचं देणं आहे. मुलग्यांनी मुलींची गाणी बिनधास्त उचलली. 'बॉइज' तर शब्दही फारसे न बदलता रिंगोने गायलं.

मोटाउनची मंडळी मार्च १९६५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर आली. सुप्रीम्स, मिरॅकल्स, स्टीव्ही वंडर, मार्था अँड द व्हँडेलाज. आज कोण विश्वास ठेवेल, पण गावोगावी सभागृहं अर्धी रिकामी होती. डस्टी स्प्रिंगफील्डने टीव्हीवर त्यांचा खास कार्यक्रम केला, स्वतः सूत्रसंचालन केलं, आणि मोटाउन घराघरात पोचलं. याच डस्टीने १९६४ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सभागृहात गायला नकार दिला आणि तिला देशाबाहेर काढलं गेलं. कानाच्या पाळीला हात लावणं म्हणजे नुसतं नाव घेणं नाही, कधी किंमतही मोजणं, हे तिने दाखवलं.

आणि मेरी क्लेटन. स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९. लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा तिला घरून बोलावलं. केसांना कर्लर, पोटुशी, उठून स्टुडिओत गेली. ती कडाडणारी ओळ तिने वरच्या पट्टीत पुन्हा पुन्हा गायली. एका ठिकाणी आवाज फाटतो. नीट ऐकलंत तर मागे कुणीतरी आश्चर्याने ओरडल्याचंही ऐकू येतं. त्यानंतर लवकरच तिचा गर्भ पडला. ते गाणं ऐकणं तिला कित्येक वर्षं जड गेलं. आणि तबकडीच्या पहिल्या आवृत्तीवर तिचं नावच चुकीचं छापलं होतं.

मी हे गाणं कॉलेजात असताना शेकडो वेळा ऐकलं. बाईचं नाव मला चाळिशीत कळलं.

---

मुळामुठा

रानजाईताई, तो फाटलेला आवाज आत्ता परत ऐकला. काय बोलावं.

---

कृष्णाकाठ

मी वाईचा. वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

या गोष्टीत आपला सातारा जिल्हाही आहे. फारुख बलसारा, म्हणजेच पुढे क्वीन बँडचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, झांझिबारला १९४६ मध्ये जन्मला आणि शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे १९५८ च्या सुमारास शाळेतल्या मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. हा पियानोवर. काय वाजवायचे? क्लिफ रिचर्ड, आणि लिटल रिचर्ड! पसरणीचा घाट चढून गेल्यावर, थंडीधुक्यात, जॉर्जियातल्या मेकन गावच्या त्या माणसाचा पियानो एक पारशी मुलगा वाजवत होता. घाटाखाली आमची शेतं, वर हे. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

पुढे लंडनला गेल्यावर जिमी हेंड्रिक्स हा त्याचा देव. त्याची चित्रं काढायचा. १८ सप्टेंबर १९७० ला हेंड्रिक्स गेला तेव्हा केन्सिंग्टन मार्केटमधला आपला गाळा फ्रेडी आणि रॉजर टेलरने बंद ठेवला. सुतक पाळावं तसं. १९७६ चं 'समबडी टू लव्ह' हे अरेथा फ्रँकलिनच्या चर्चगाण्याच्या ओढीतून आलं. तिघांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून चर्चमधला अख्खा समूह उभा केला. आणि १९८० च्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ची बासची ओळ जॉन डीकनला सुचली ती शिक या बँडच्या 'गुड टाइम्स' वरून. मुळामुठा यांनी हीही जोडी वाजवून बघावी.

---

तिहाई

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुतकाचं तुम्ही लिहिलंत तेव्हा पोटात तुटलं.

हेंड्रिक्सबद्दल एक जोडतो. सिएटलचा हा डावखुरा मुलगा अमेरिकेत इतरांच्या मागे साथीला वाजवून दमला होता. २४ सप्टेंबर १९६६ ला लंडनला उतरला. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरला, रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये क्रीम या बँडच्या मंचावर चढला आणि त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या शेजारी उभं राहून 'किलिंग फ्लोअर' वाजवलं. हाउलिन वुल्फचं. तेच गाणं, ज्याचं श्रेय पुढे कोर्टाकडून मागावं लागलं. लंडनमध्ये ब्रूक स्ट्रीटला २३ नंबरात तो राहिला, शेजारच्या २५ मध्ये दोनशे वर्षांपूर्वी हँडेल राहायचा. आता दोन्ही मिळून संग्रहालय आहे.

---

खाली_भरी

मी तबल्याचा विद्यार्थी. जमैकाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते ब्रिटिश पॉपला अमेरिकेच्या बरोबरीने जमैकाने घडवलंय.

हाताने टाळी देत म्हणा : एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. रॉकमध्ये दोन आणि चारवर जोर. स्कामध्ये गिटारचा तोडलेला, कोरडा ठोका पडतो प्रत्येक 'आणि' वर. अंकावर पाय, 'आणि' वर हात, म्हणून ते ऐकताना अंग उडतं. रेगेच्या 'वन ड्रॉप' मध्ये तर पहिली मात्राच मोकळी ठेवतात, ड्रमचा मोठा घाव येतो तिसरीवर. म्हणजे समेवर शांतता! मला हे कळलं त्या दिवशी मी एकतालाचा रियाज सोडून दोन तास नुसता रेगे ऐकत बसलो. आपण समेवर यायला धडपडतो, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी जागा रिकामी ठेवलेली. ती रिकामी जागा बास भरतो.

हे ब्रिटनमध्ये आलं माणसांबरोबर. १९६४ मध्ये मिली स्मॉलचं 'माय बॉय लॉलीपॉप' दुसऱ्या क्रमांकावर गेलं, गाण्याची बांधणी जमैकन गिटारवादक अर्नेस्ट रँगलिनची. १९६६ च्या सुरुवातीला स्पेन्सर डेव्हिस ग्रुपचं 'कीप ऑन रनिंग' पहिलं आलं, ते लिहिलेलं जॅकी एडवर्ड्स या जमैकनाने. १९६८ मध्ये इक्वल्सचं 'बेबी कम बॅक', गाणं लिहिणारा एडी ग्रँट, गयानाहून लंडनला आलेला. १९७७ मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबात पंकच्या तबकड्याच फारशा निघाल्या नव्हत्या, म्हणून डॉन लेट्स मधल्या वेळात रेगे आणि डब लावायचा. पंकची पोरं तीच ऐकून घडली. क्लॅशने त्याच वर्षी ज्युनिअर मर्व्हिनचं 'पोलीस अँड थीव्ज' आपल्या पहिल्या तबकडीत घेतलं.

पण मला सांगायचंय ते रिको रॉड्रिग्जबद्दल. ट्रॉम्बोनवादक. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकला. ही नन चालवत असलेली गरीब मुलांची शाळा, तिथून जमैकाचे कितीतरी वादक निघाले. रिको १९६१ मध्ये इंग्लंडला आला. १९६७ मध्ये डँडी लिव्हिंगस्टनने 'रुडी, अ मेसेज टू यू' काढलं, त्यात ट्रॉम्बोन रिकोचा. १९७९ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या स्पेशल्सनी तेच गाणं पुन्हा केलं. त्यांनी कुणा नव्या पोराकडून रिकोची नक्कल वाजवून घेतली नाही. रिकोलाच बोलावलं. दोन्ही तबकड्या एकामागून एक लावा, बारा वर्षांच्या अंतराने तोच माणूस तीच धून वाजवतोय, श्वास थोडा जड झालाय इतकंच. नक्कल करण्यापेक्षा मूळ वादकाला शेजारी उभं करणं, यापुढे मला कुठलीही श्रेयनामावली फिकी वाटते.

---

पावसाळी_मँचेस्टर

खाली_भरी, +१. स्पेशल्समध्ये स्वतः नेव्हिल स्टेपल आणि लिन्व्हल गोल्डिंग होते, दोघेही जमैकात जन्मलेले. सिलेक्टर या बँडमध्ये पॉलीन ब्लॅक. मॅडनेस या बँडने तर नावच प्रिन्स बस्टर या जमैकन गायकाच्या गाण्यावरून घेतलं आणि पहिली तबकडी त्यालाच वाहिली.

आणि हे ज्या वातावरणात घडलं तेही सांगायला हवं. ५ ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅम. मंचावरून एरिक क्लॅप्टन परदेशी लोकांना देशाबाहेर काढा असं बरळला आणि स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या राजकारण्याला पाठिंबा दिला. दोनच वर्षं आधी बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरिफ' गाऊन तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता.

---

तिहाई

हे मी मूळ लेखात टाळलं होतं, कबूल करतो. लिहायला हात धजावला नाही. रॉबर्ट जॉन्सन, फ्रेडी किंग, मडी वॉटर्स, ज्यांच्या तालमीवर तो उभा राहिला, त्यांच्यासारखं दिसणाऱ्या माणसांना देशातून घालवा म्हणाला. त्याने नंतर खेद व्यक्त केला, पण त्या सभागृहात त्या रात्री जे कृष्णवर्णीय आणि आशियाई श्रोते असतील, त्यांनी तिकीट काढून हे ऐकलं.

त्यावर संगीतप्रेमींनी मासिकांना संतप्त पत्र लिहिलं, त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफॅल्गर चौकातून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा आणि तिथे मैफल : क्लॅश, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातले रेगेवाले स्टील पल्स, आणि एक्स-रे स्पेक्स, ज्यांची गायिका पॉली स्टायरीन सोमाली वडिलांची मुलगी. एका मंचावर पंक आणि रेगे.

---

अबोली

थोडं अवांतर, पण आमच्या गोव्याचं आहे म्हणून राहवत नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला. पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे वाजवायचा, नंतर कोलकात्याला गेला, तिथेच १९४५ मध्ये वारला. त्यांच्याकडून गोव्याचे वादक जॅझ शिकले. त्यांतलाच चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये वाजवतो. म्हणजे हा गंडा आपल्या मनगटावरही आहे.

---

तिहाई

अबोली, यावर वेगळा धागा काढाच. मी पहिला प्रतिसाद देईन.

एक नाव राहून गेलंय. आर्थर अलेक्झांडर, अलाबामाचा. याची गाणी बीटल्सनीही गायली, स्टोन्सनीही. पैसा त्याच्या हाती फारसा लागला नाही. गाणं सोडून तो क्लीव्हलँडमध्ये बस चालवू लागला. १९९३ मध्ये बऱ्याच वर्षांनी नवी तबकडी आली आणि त्याच जूनमध्ये तो गेला.

---

मुळामुठा

काका, जोडी वाजवून बघितली. तुम्ही म्हणालात तेच, हात जवळजवळ तिथेच पडतो.

माझ्याकडूनही एक नाव : जेम्स जेमरसन. मोटाउनच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर बास याचा. मॅकार्टनी त्याला आपला आदर्श मानतो. पण मोटाउन वादकांची नावंच छापत नसे. जेमरसनचं नाव तबकडीच्या वेष्टनावर आलं ते १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या तबकडीवर.

काल आमची तालीम होती. शनिवारी एका लग्नात जुनी इंग्रजी गाणी वाजवायची आहेत. गाण्यांची यादी मीच लिहितो. या वेळी प्रत्येक गाण्यापुढे आधी गाणाऱ्याचं नाव लिहिलं. 'ॲना' पुढे आर्थर अलेक्झांडर बघून ड्रमवरच्या पोराने विचारलं, हा कोण? त्याला बसचं सांगितलं. मग त्याने मोबाईलवर मूळ गाणं लावलं, सगळे गोल करून बसलो आणि शेवटपर्यंत ऐकलं. तालीम अर्धा तास उशिरा सुरू झाली.